फळांना लेप देताना: कोरफड, खळ, डिंक आणि मेण

पेरूच्या क्रेटचं झाकण काढलं तेव्हा आधी वास आला. पेरूचा नव्हे, आंबलेल्या पिठासारखा, थोडा दारूकडे झुकणारा. वरून फळं आत्ताच तोडल्यासारखी दिसत होती. साल ताणलेली, हिरवी, तुकतुकीत. एक कापला. बियांभोवतीचा गर तपकिरी आणि पाणचट झाला होता. दुसरा कापला, तोही तसाच. चोवीसच्या चोवीस पेरू टाकून द्यावे लागले. खळीचा एक हात दिला की फळ काही दिवस जास्त टिकतं हे मी आधी पाहिलं होतं, म्हणून त्या खेपेला दोन हात दिले होते.

तेव्हापासून मला कुणी लेपाची कृती विचारली की आधी हे पेरू सांगते, मग कृती.

तोडलेलं फळ जिवंत असतं. ते ऑक्सिजन आत घेतं, स्वतःतली साखर जाळतं आणि कार्बन डायऑक्साइड, पाणी व उष्णता बाहेर टाकतं. झाडाकडून आता काही मिळणार नसतं, त्यामुळे जवळची शिदोरी जितक्या वेगाने संपेल तितकं ते लवकर म्हातारं होतं. पातळ लेप सालीवरची बारीक छिद्रं थोडी झाकतो. आत ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड वाढतो, श्वास मंदावतो आणि फळ पिकवणाऱ्या इथिलीन वायूचं कामही रेंगाळतं. पण लेप जाड झाला आणि ऑक्सिजन जवळजवळ तुटलाच, तर फळ आंबण्याच्या वाटेने जगायला लागतं. आत इथेनॉल आणि ॲसिटाल्डिहाइड साचतं. माझ्या पेरूंचं तेच झालं होतं, त्यांचा श्वास कोंडला होता. आणि हे बाहेरून दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचं.

दुसरी गोष्ट पाण्याची. बरीचशी फळं वजनाच्या ५ ते १० टक्के पाणी गेलं की सुरकुततात, मऊ पडतात, गिऱ्हाईक हात लावत नाही. लेप निवडताना फळाचं कुठलं दुखणं मोठं आहे ते बघा. खळ, डिंक, कोरफड यांचे लेप वायू चांगले अडवतात, पण पाण्याची वाफ त्यांच्यातून बऱ्यापैकी निसटते, कारण हे पदार्थ मुळातच पाण्याचे सोबती. मेणाचं उलट आहे. ते पाणी धरून ठेवतं. म्हणून झाडावरून काढल्यावरही पिकत जाणाऱ्या आंबा, पेरू, पपई, टोमॅटो यांना पहिल्या गटातले लेप चालतात, आणि काढल्यावर पुढे न पिकणाऱ्या, नुसत्याच सुकत जाणाऱ्या लिंबू-संत्र्यांना मेण उपयोगी पडतं.

एक खुलासा इथेच करते. मी इथे वनस्पतीजन्य लेपांबद्दलच सांगते आहे, पण फळांच्या लेपांत नेहमी नावं येतात ती सगळीच वनस्पतीजन्य नसतात. शेलॅक लाखेच्या किड्यापासून येतं, मधमाशीचं मेण मधमाशीचं, आणि कायटोसॅन बहुतेक वेळा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढलेलं असतं. तयार लेप विकत घेत असाल तर डब्यावर ई९०१ म्हणजे मधमाशीचं मेण, ई९०४ म्हणजे शेलॅक. ई९०२ हे कँडेलिला आणि ई९०३ हे कार्नोबा, ही दोन मेणं झाडांची.

लेपाच्या आधी

निम्मं काम लेपाच्या आधीच झालेलं असतं. मार लागलेलं, टोचलेलं, देठाशी ओरखडा असलेलं फळ लेपाखाली बरं होत नाही; उलट ओल धरून आधी कुजतं आणि शेजाऱ्यालाही घेऊन जातं. अशी फळं निवडतानाच बाजूला काढा. फळ पूर्ण तयार झालेलं पण पिकायला न लागलेलं असावं. पिवळं पडायला लागलेल्या पपईला लेप देऊन फारसं हाती लागत नाही. तोडणीच्या दिवशीच लेप द्यावा.

तोडल्याबरोबर सावली. तापमान १० अंशांनी वाढलं की फळाचा श्वास साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. दोन तास उन्हात पडलेल्या क्रेटचं नुकसान कुठल्याही लेपाने भरून निघत नाही.

आंबा तोडताना देठ बोटाच्या पेराएवढा ठेवा. देठ मुळातून तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि साल भाजल्यासारखी काळी पडते. त्यावर लेप दिला तर तो डाग तसाच राहतो. संत्री-लिंबं भल्या पहाटे, दवाने ओली असताना काढू नका. तेव्हा साल पाण्याने टरटरलेली असते, जरा दाबली की तेलाच्या ग्रंथी फुटतात, आणि ते तेल सालीला पोळतं. डाग दुसऱ्या दिवशी उठतात आणि दोष बिचाऱ्या लेपावर येतो.

धुताना पाण्याचं तापमान बघा. हे मला फार उशिरा समजलं. तापलेलं फळ एकदम गार पाण्यात टाकलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या जागेतून पाणी आत ओढलं जातं. त्या पाण्यात जे काही असेल, बुरशीचे बीजाणू, जंतू, तेही सोबत जातं. टोमॅटो आणि आंब्यात हे फार होतं. धुण्याचं पाणी फळाच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण ५ अंशांनी कोमट ठेवा. आंब्यावर करप्याचा, म्हणजे सालीवर काळे डाग पाडणाऱ्या बुरशीचा, त्रास असेल तर ५२ अंशांच्या पाण्यात ५ मिनिटं बुडवण्याची जुनी, खात्रीची पद्धत आहे. मात्र थर्मामीटर हवाच, हाताच्या अंदाजाने हे करायचं नाही, साल भाजते. धुतलेलं किंवा शेकलेलं फळ थंड होऊन पूर्ण कोरडं झाल्यावरच लेपाकडे वळा. ओल्या सालीवर लेप पातळ होतो आणि ठिपक्याठिपक्याने सुकतो.

कोरफड

माझा सगळ्यात भरवशाचा लेप हाच. सुरुवात करणाऱ्यालाही मी हाच सांगते, कारण गर पातळ असतो आणि जाड थर बसण्याची भीती कमी.

बाहेरच्या बाजूची, जाड, पूर्ण वाढलेली पानं बुंध्याशी कापा. कापल्याबरोबर पान उभं करून, कापलेली बाजू खाली, एका भांड्यात ठेवा. थोड्याच वेळात कडेच्या सालीलगतून पिवळा चीक उतरायला लागतो, थेंब थेंब, आणि तळाशी हळदीच्या पाण्यासारखं साचतं. हा चीक कडू असतो आणि पोट ढाळवतो. तो पूर्ण उतरू द्या. मी अर्धा तास ठेवते. मग पानं धुवा, दोन्ही कडांचे काटे कापून टाका, चपट्या बाजूची साल सुरीने सोला. आतला गर काचेसारखा दिसायला हवा. कुठे पिवळसर किंवा हिरवट झाक दिसली तर तेवढा भाग खरवडून टाका. सोललेली गराची पट्टी पुन्हा एकदा वाहत्या पाण्याखाली धरा. हातातून निसटते, म्हणून खाली चाळण ठेवा.

गर मिक्सरमधून फिरवला की फेस येतो. तो बसू द्या, मग दुहेरी फडक्यातून गाळा. पिळू नका, नुसतं निथळू द्या. पिळलं की तंतू उतरतात आणि फळावर रेघा दिसतात. गाळलेला गर मंद आचेवर साधारण ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू मात्र देऊ नका, आणि लगेच थंड करा. यामुळे जंतू मरतात आणि गर लवकर लाल पडत नाही. थंड झाल्यावर लिटरला दोन-तीन चमचे लिंबाचा रस. एक भाग गराला एक भाग उकळून थंड केलेलं पाणी, हे माझं नेहमीचं प्रमाण. नाजूक सालीच्या फळांना दोन भाग पाणी.

फळ एक-दोन मिनिटं बुडवून, फिरवून, वर काढून निथळवा. केलेला गर त्याच दिवशी संपवायचा. गुलाबी झाक आली की तो उतरणीला लागला असं समजा.

कोरफडीची ताकद किती, यासाठी २००५ मध्ये स्पेनमध्ये झालेला एक प्रयोग मला नेहमी आठवतो. द्राक्षांच्या घडांना गर लावून १ अंश तापमानाला ठेवलं, तर बिनलेपाच्या घडांचा टिकाऊपणा ७ दिवसांवर होता आणि लेपाचे घड ३५ दिवसांपर्यंत राहिले. हा आकडा ऐकून माणसं हरखतात. पण त्यातला १ अंश विसरू नका. लेप आणि गारवा मिळून ते झालं होतं. खोलीच्या तापमानात इतकी अपेक्षा धरलीत तर निराश व्हाल.

खळ आणि डिंक

खळीसाठी मक्याचा किंवा टॅपिओकाचा स्टार्च, एक लिटर पाण्याला २० ग्रॅम. आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या, मग उरलेल्या पाण्यात ओतून सतत ढवळत तापवा. सुरुवातीला दुधासारखं पांढरं दिसतं. ६५-७० अंशांच्या आसपास ते एकदम बदलतं, पळीला जडपणा येतो आणि पांढरेपणा जाऊन निवळ होतं. तिथून दोन मिनिटं आणि मग खाली उतरवा. १० ग्रॅम खाद्य दर्जाचं वनस्पतीजन्य ग्लिसरीन घाला. ग्लिसरीनशिवाय सुकलेली खळ ठिसूळ होते, फळ हाताळताना तिचे पापुद्रे सुटतात आणि साल खरजेल्यासारखी दिसते. पूर्ण थंड होऊ द्या. थंड झाल्यावर खळ पळीवरून ताकासारखी सुटायला हवी. कढीसारखी घट्ट वाटली तर पाणी घाला आणि पुन्हा गाळा.

एकच हात द्यायचा.

डिंकाचं प्रमाण मोठं वाटतं पण ते बरोबर आहे, लिटर पाण्यात सुमारे १०० ग्रॅम. टोमॅटोवर वेगवेगळी प्रमाणं तपासून पाहिली गेली त्यातही १० टक्क्यांचंच उजवं ठरलं. बाभळीच्या कुळातला, पाण्यात पूर्ण विरघळणारा खाण्याचा डिंक घ्या. ओळखायला सोपं आहे. एक खडा कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी पाणी मधासारखं एकजीव झालं असेल तर तो चालेल. खडा फुगून जेलीचा गोळा झाला असेल तर तो कतिऱ्यासारखा डिंक आहे, लेपाला निरुपयोगी, गुठळ्या होतात. विरघळलेल्या डिंकात सालीचे कण आणि माती असतेच, तेव्हा फडक्यातून दोनदा गाळा. डिंकाचा लेप सुकल्यावर जी चमक येते ती खळीला येत नाही. मला टोमॅटोवर डिंकच आवडतो.

टोमॅटोची मात्र एक खोड आहे. त्याच्या सालीला श्वासाची छिद्रंच नसतात. हवेची बहुतेक ये-जा देठ निघालेल्या त्या खळग्यातून होते. म्हणजे खळग्यात लेपाचा थेंब साचून सुकला तर अख्ख्या टोमॅटोचं नाक दाबलं गेलं. बुडवून झाल्यावर प्रत्येक टोमॅटो खळगा खाली करून ठेवा आणि मिनिटभराने कोरड्या फडक्याच्या टोकाने खळगा टिपून घ्या. शंभर टोमॅटोंना हे करायला वेळ लागतो. तरी करा.

वासाची तेलं

दालचिनी, लवंग, गवती चहा यांची तेलं बुरशीला रोखतात हे खरं आहे. पण हात आखडता ठेवा. लिटर लेपाला अर्धा ते एक मिलिलिटर, त्याहून जास्त नाही. तेल पाण्यात नुसतं टाकलं तर वर तरंगतं, आणि पहिल्या फळाला सगळं तेल चिकटतं. आंब्याच्या सालीवर जे बारीक ठिपके असतात ते खरं तर त्याची श्वासाची दारं. सुटं तेल तिथे शिरलं की प्रत्येक ठिपक्याभोवती काळं कडं उमटतं. म्हणून तेल आधी चमचाभर सोया किंवा सूर्यफुलाच्या लेसिथिनमध्ये (तेल आणि पाणी एकजीव करणारा पदार्थ) घोटून घ्या, मग लेपात घालून मिक्सरमधून फिरवा. सालीसकट खाल्ल्या जाणाऱ्या फळांना मी तेल वापरत नाही. पेरूला लवंगेची चव आलेली मला सहन होत नाही, आणि खाणाऱ्यालाही होत नसावी.

मेण

लिंबूवर्गीय फळांना मेण देण्याची चाल चीनमध्ये १२व्या-१३व्या शतकापासूनची सांगितली जाते. आज वनस्पतीजन्य मेणांत कार्नोबा सर्वात जास्त चालतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं आणि ८२ ते ८६ अंशांच्या आसपास वितळतं. घरी वितळवून फळावर लावायला जाऊ नका. ते फळावर पडताक्षणी गोठतं, थर जाड बसतो, आणि हात भाजतात ते वेगळंच. पाण्यात मिसळलेलं, फळांसाठी म्हणून तयार केलेलं कार्नोबाचं द्रावण मिळतं, तेच घ्या. डब्यावरच्या घटकांत शेलॅक नाही ना, ते तपासा. मऊ स्पंजावर थोडं घेऊन फळ त्यात फिरवायचं. एका संत्र्याला लागतं ते इतकं कमी की स्पंज ओला वाटतच नाही.

कापलेल्या फोडींसाठी समुद्री शेवाळातलं सोडियम अल्जिनेट आणि मग कॅल्शियमच्या पाण्यात बुडवणं अशी पद्धत आहे. ती चांगली आहे, पण फोडींना गारवा आणि स्वच्छता इतकी काटेकोर लागते की तो वेगळाच विषय आहे.

सुकवणं

लेप बिघडतो तो बहुतेक वेळा इथेच. एकदा घाईत होतो, फळं हाताला कोरडी लागली म्हणून क्रेटमध्ये भरून वर कापड टाकलं. तासाभराने भाची मदतीला आली, तिने कापड उचललं आणि म्हणाली, "आत्या, यांना घाम का फुटलाय?" खरंच प्रत्येक पपईवर बारीक दव होतं. लेप वरून सुकला होता, आत ओल होती, आणि फळाची स्वतःची ऊब कोंडून ती ओल बाहेर आली होती. पुन्हा सगळं पसरलं. तरी तिसऱ्या दिवशी जिथे दोन पपया एकमेकींना टेकल्या होत्या तिथे पांढरी बुरशी दिसली.

फळं जाळीवर ठेवा, सपाट फळीवर नाही. फळीवर खालच्या बाजूला लेपाचं तळं साचतं. एकमेकांना लागू देऊ नका. सावली आणि पंख्याचा वारा. दहा-पंधरा मिनिटांनी एकदा फिरवा. कोरड्या हवेत अर्ध्या तासात होतं, दमट हवेत दुप्पट वेळ लागतो. तपासायचं कसं? हाताची पाठ फळाला लावा. बोटांची टोकं कामाने राठ झालेली असतात, त्यांना चिकटपणा कळत नाही. पाठीला चिकटलं नाही की क्रेट भरा, आणि क्रेटला हवा खेळेल असं ठेवा.

साठवताना गारवा फळ बघून द्या. केळी आणि आंबे १३ अंशांच्या खाली गेले की थंडीने पोळतात, सालीवर करडे-काळे डाग पडतात, आणि लेप यापासून वाचवत नाही. पिकलेली फळं लेपाच्या फळांशेजारी ठेवू नका; त्यांचं इथिलीन तुमची सगळी मेहनत खाऊन टाकेल.

आपल्या फळावर पारख

मी दिलेली प्रमाणं माझ्या फळांवर बसलेली आहेत. तुमची जात, तुमची हवा, तुमचं पाणी वेगळं. म्हणून पूर्ण तोडणीला लेप देण्याआधी पंधरा फळं घ्या, शक्यतो एकाच आकाराची. पाचांना लेप. पाच तशीच. आणि पाच नुसती पाण्यात बुडवून सुकवलेली. हा तिसरा गट माणसं सोडतात, पण तोच सगळ्यात बोलका असतो, कारण कित्येकदा फरक लेपाने नाही तर नुसत्या स्वच्छ धुण्याने पडलेला असतो, आणि मग लेपाचा खटाटोप कशाला? प्रत्येक फळावर देठाजवळ कागदाची छोटी चिठ्ठी, त्यावर आकडा, आणि रोज एकाच वेळी वजन. समजा पहिल्या दिवशी २१२ ग्रॅम भरलेलं फळ पाचव्या दिवशी २०३ भरलं, तर ९ ग्रॅम गेले, म्हणजे साधारण ४.२ टक्के.

वजनाबरोबर दर दुसऱ्या दिवशी लेपाचं एक फळ कापा. आधी नाकाशी धरा, मग चाखा. फळ कितीही देखणं दिसत असलं तरी वास आंबूस आला तर लेप जाड आहे. पाणी वाढवून नव्याने सुरुवात करा. पेरूच्या वेळी मी रोज वजन करत होते, घट इतकी कमी दिसत होती की हरखून गेले होते. एकही कापला नव्हता.

फळं दुसऱ्या कुणाला देणार किंवा विकणार असाल तर लेपात काय काय आहे ते चिठ्ठीवर लिहून द्या. सोया लेसिथिन घातलं असेल तर ते आवर्जून लिहा, सोयाची ॲलर्जी असलेली माणसं असतात. खाण्याआधी कोमट पाण्यात चोळून धुवायला सांगा. खळ, डिंक आणि कोरफड पाण्याने निघून जातात, मेण मात्र सालीवर थोडं राहतंच.